वाटेवर ठेवलेली नावं

मी आश्रमात नोकरीला लागले तेव्हा माझा सगळा अनुभव चार-पाच वर्षांच्या पोरांचा होता. धसईच्या पुढे आमच्या गावात मी नऊ वर्षं बालवाडी चालवली होती. नव्वदचं दशक सरत आलं असताना शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या बाजूला, म्हाताऱ्या माणसांसाठी एक आश्रम उघडला. कल्याण, ठाणे, मुंबईकडची बावीस माणसं तिथे राहायची. बहुतेक हिंडतीफिरती, पण औषधाला, आंघोळीला, कपड्यांना कोणीतरी हाताशी लागायचं. त्यांच्यासाठी बाया हव्या होत्या, म्हणून मी अर्ज केला. सासूबाई म्हणाल्या, "पोरं काय न् म्हातारे काय, दोघांनाही भरवावंच लागतं. जा तू."

भरवणं मला येत होतं. पण दुसऱ्या वर्षी कल्याणच्या एक तरुण डॉक्टर दर पंधरा दिवसांनी यायला लागल्या आणि काम बदललं. त्या मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर. त्यांनी सगळ्यांना तपासलं. आज वार कोणता, शंभरातून सात गेले किती, मी मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते, असं विचारून वहीत लिहून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "ताई, हातपाय हलवले नाहीत तर आखडतात, तसं डोक्याचंही असतं. रोज सकाळी तासभर यांच्याकडून हे करून घ्या." आणि छापील पानांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

पानांवर चित्रं होती. छत्री, कुलूप, कंदील, बदक अशा बारा वस्तू. मिनिटभर बघायच्या, पान उलटायचं आणि आठवतील तेवढ्या लिहायच्या. मला वाटलं, हे तर माझंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं, पेन्सिली वाटल्या आणि बालवाडीत बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "चला, आता आपण एक गंमत करू या."

पहिल्या रांगेत एक निवृत्त हेडमास्तर होते. ऐंशीला टेकलेले, ताठ, रोज इस्त्रीचा सदरा. आश्रमात सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी पान पाहिलं, नीट चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, "मी छत्तीस वर्षं मुलांना असली पानं सोडवायला दिली आहेत. आता मला बदक दाखवता?"

लोक हसले. एका आजींनी पेन्सिल खाली ठेवली, मग दुसऱ्यांनी. पाच मिनिटांत व्हरांडा रिकामा झाला. त्या दिवसापासून माझं नाव 'बालवाडी' पडलं. "बालवाडी आली," असं आपसात म्हणायचे, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी आठ दिवस नेटाने प्रयत्न केला. तिघी-चौघी बसायच्या, त्याही माझ्याकडे बघून वाईट वाटायचं म्हणून. सर फिरकलेच नाहीत.

मग एका सकाळी सरांच्या खोलीत चादर बदलताना उशीखाली ते पान सापडलं. चार घड्यांच्या खुणा तशाच होत्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: छत्री, कुलूप. खाली खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं. एका जागी कागद खोडून खोडून विरला होता, पलीकडचं दिसत होतं. म्हणजे हा माणूस आठ दिवस दार लावून एकटाच बदक आठवत बसला होता.

मी वळले तर सर दारात उभे.

"ते होतं तिथे ठेवा," ते म्हणाले.

मी ठेवलं. ते पलंगावर बसले. म्हणाले, "मी सगळ्यांना 'काय मंडळी' म्हणतो, लक्षात आलंय तुमच्या? जेवायला बसलो की मंडळी, फिरायला निघालो की मंडळी."

"हो. छान वाटतं ऐकायला."

"छान कसलं. नावं येत नाहीत मला. एकाचंही येत नाही. शेजारच्या खोलीत दोन वर्षं राहतायत त्यांचंही नाही. शाळेत नऊशे मुलं होती, बाई. नऊशेंची नावं, बापाच्या नावासकट येत होती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "इथं कुणाला नाय सांगणार. पण डॉक्टरांपासून लपवणार नाय, सर."

ते रागावले. पुढे बरेच दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. औषधाची गोळी हातावर घ्यायचे आणि भिंतीकडे बघत गिळायचे. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांना थोडा अंदाज होताच. त्या म्हणाल्या, "गेलेलं सगळं परत येणार नाही, ताई. पण जे आहे ते वापरायची एखादी युक्ती त्यांना सापडली, तर दिवस सोपे जातील." युक्ती कोणती, ते काही त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडे पानंच होती.

युक्ती आली ती स्वयंपाकघराच्या दाराने.

डोंगराच्या अंगाला ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, पंधरा-सोळा घरांची. तिथली एक मावशी आश्रमाला भाजी द्यायची. साठीच्या पुढची, काटक, कपाळावर गोंदलेलं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ऋतू असेल तशी टोपलीत कंटोली, भारंगी, बांबूचे कोंब असायचे. आमच्याकडे टोपली रिकामी करून ती शहापूरच्या बाजाराला जायची आणि येताना वाडीतल्या घरोघरच्या वस्तू आणायची. कुणाला सुकट, कुणाला मीठ, कुणाला खोकल्याचं औषध, कुणाच्या सुनेला हिरव्या बांगड्या, त्याही मापाच्या. हातात चिठ्ठी नाही. एक दिवस परतताना ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा मी सहज विचारलं, "मावशे, सोळा घरांच्या वस्तू आणतेस. कशा गो आठवतात?"

"मी वस्तू नाय आठवीत," ती म्हणाली, "मी वाट आठवते."

"म्हंजे?"

"अगो, वाडीतून निघाली का पयला मोहाचा झाड. त्याच्याखाली पयल्या घराची सुकट ठेवते. मनानं ठेवायची गो, खरी नाय. म्होरं ओहोळ लागतो, त्या पाण्यात मीठ ठेवते. मीठ इरघळल ना? मंग जीवाला घोर लागतो, का गेला मीठ, गेला मीठ. इसरायची सोयच नाय. म्होरं काळा खडक हाय, त्यावर बांगड्या. फुटतील म्हणून हळू जाते. बाजारात उभी राह्यली का डोळे मिटते आन् वाटेनं मागारी चालते. सगळा जिथल्या तिथं असतो."

मी तिथेच पायरीवर बसले. तिला पुन्हा सांगायला लावलं. त्या आठवड्यात मी ते स्वतःवर करून पाहिलं. मुरबाडच्या बाजारात चिठ्ठी न घेता गेले. आमच्या घरापासून एसटी थांब्यापर्यंतच्या वाटेवर अठरा वस्तू ठेवल्या होत्या. कोथिंबीर तेवढी विसरले, कारण ती मी गवतातच ठेवली होती, हिरव्यात हिरवी. दुसऱ्या दिवशी मावशीला सांगितलं तर ती हसून हसून खोकली. "गवतात कोथमीर? म्हशीच्या डोक्यावर ठेवायची होती!"

मग मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते पहिल्यांदाच भिंतीकडून माझ्याकडे वळले.

"ही बाई शिकवेल मला?"

"शिकवंल. पण हसंल ती."

त्यांनी थोडा विचार केला. "हसू दे," म्हणाले.

व्हरांड्याच्या टोकाला एक बाक होता. दर दोन दिवसांनी भाजी उतरवून झाली की मावशी तिथे जमिनीवर बसायची. सर म्हणायचे, बाकावर बसा. ती म्हणायची, मना खालीच बरा वाटतो. तिसऱ्या दिवशी सर खाली बसले. गुडघ्यांमुळे त्यांना बसवायला दोघी लागल्या, पण बसले.

पहिली अडचण वाटेची. मावशीची वाट सरांनी पाहिलेली नव्हती आणि आश्रमाचा व्हरांडाच त्यांच्या ध्यानात राहत नव्हता. एकदा ते न्हाणीघरातून निघून बायकांच्या बाजूला गेले होते. मावशीने विचारलं, "मास्तर, तुमी लहानपणी कंची वाट चालायचे?"

सरांचे वडील रेल्वेत होते. उंबरमाळीजवळ रुळांच्या कडेला त्यांची खोली होती आणि सर लहानपणी तिथून कसाऱ्याच्या शाळेत पायी जायचे. एवढं सांगून ते थांबले, आणि मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. खोलीचं दार, दारासमोरची दगडी विहीर, करवंदाची जाळी, सिग्नलचा खांब, रुळांखालची मोरी, मोरीच्या भिंतीत पोपटांची ढोली, वाकडा आंबा, गँगमनची शेड. सकाळचा नाश्ता काय होता ते या माणसाला सांगता येत नव्हतं, पण सत्तर वर्षांपूर्वीच्या वाटेवरचा दगडन् दगड ते हाताने दाखवत होते.

"मंग झाला की," मावशी म्हणाली. "एवढी मोठी वाट हाय तुमची. आता एकेक माणूस नेऊन बशवा."

पहिल्या दिवशी तीन माणसं बसली. शेजारच्या खोलीतले गृहस्थ सारखे खोकायचे, त्यांना सिग्नलपाशी उभं केलं, कारण सर म्हणाले, गाडीच्या शिट्टीसारखे खोकतात. एका तिखट बोलणाऱ्या आजींना करवंदाच्या काट्यांत. तिसऱ्या बाईंना विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून. मावशीने बजावलं, "सोप्या जागी नाय बशवायचा. जिथं आपल्याला काळजी वाटंल तिथं बशवा." दुसऱ्या दिवशी एक निसटलं. चौथ्या दिवशी तीनही होते. सर चुकले की मावशी खरंच हसायची, आणि गंमत म्हणजे सरांना त्याचा राग यायचा नाही. मग तेही हसायला लागले. आठवड्याला दोन माणसं, कधी एक. कधी आजारपण आलं की दोन कमी व्हायची. श्रावणात सुरू झालं ते होळी येईपर्यंत चाललं.

एवढ्या काळात ही गोष्ट लपून कशी राहील? करवंदाच्या जाळीतल्या आजींना कुणीतरी सांगितलं. त्या तावातावाने बाकापाशी आल्या. "मला काट्यांत बसवलंत? आणि तिला विहिरीवर वाऱ्याला?"

सर उठून उभे राहिले. हात जोडले. म्हणाले, "पण तुमचं नाव मी गेले दोन महिने एकदाही विसरलो नाही." आणि त्यांनी ते पूर्ण नाव घेतलं, माहेरच्या नावासकट.

आजी बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "मलाही शिकवा. मला सुनांचे वाढदिवस आठवत नाहीत."

तिथून सगळा आश्रम बाकापाशी आला. काहींना वाट नको होती. एका आजींनी आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या फळ्या घेतल्या आणि डब्यांत माणसं भरली. गिरगावातून आलेल्या एका आजोबांनी चाळीचा जिना घेतला. डॉक्टर पुढच्या वेळी आल्या तेव्हा व्हरांड्यात बाजार भरल्यासारखा गलका होता. जिन्यावरचे आजोबा ओरडत होते, "तिसऱ्या पायरीवर कोण, तिसऱ्या पायरीवर?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांनी मावशीला शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, हे पुस्तकात आहे. फार जुनी पद्धत आहे, परदेशात तिला मोठं नाव आहे." नाव त्यांनी सांगितलं होतं, पण मी ते कुठेच ठेवलं नाही, त्यामुळे आता आठवत नाही.

सरांचा धाकटा मुलगा बडोद्याला नोकरीला होता. वर्षातून दोनदा यायचा. त्या वर्षी तो एप्रिलमध्ये आला, रविवार होता. सर त्याला व्हरांड्यातून घेऊन निघाले. एकेकापाशी थांबून नावासकट ओळख करून देऊ लागले. हे अमुक, पोस्टात होते. या तमुक, यांच्या हातची खीर खा कधी तरी. मध्ये क्षणभर डोळे मिटायचे, वाटेवरून जाऊन यायचे. एकवीस माणसं झाली, एक नाव चुकलं नाही. मी औषधांचा ट्रे घेऊन मागे चालत होते आणि मनात नावं मोजत होते.

शेवटच्या आजींनी साधं म्हणून विचारलं, "आणि हे कोण, सर?"

सर मुलाकडे वळले. बघत राहिले. मला कळलं. एकवीस जणांना वाटेवर बसवताना हा एक राहून गेला होता. मुलाचं नाव कधी बसवावं लागेल असं आमच्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

वर्षापूर्वीचे सर असते तर म्हणाले असते, "ही आपली मंडळी," आणि पुढे गेले असते. सर तसं म्हणाले नाहीत.

"हा माझा मुलगा," ते म्हणाले. "धाकटा. याला डांग्या खोकला झाला होता तेव्हा महिनाभर मी याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या आहेत. नाव आत्ता हाताशी नाही." मग त्याच्या दंडाला धरून म्हणाले, "नाव सांग रे तुझं. मी ठेवून घेतो."

मुलाने नाव सांगितलं. सरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले होते.

"कुठं ठेवलंत, सर?" मी विचारलं.

"घराच्या दारातच," ते म्हणाले. "निघताना दिसेल आणि परततानाही दिसेल."

मुलगा नंतर बाहेर गाडीपाशी जाऊन रडला. मला म्हणाला, "बाबांनी आयुष्यात कुणाला कधी 'मला येत नाही' असं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं." मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तो एकवीस नावांचा होता हे खरंच. पण त्याहून जास्त त्या विचारण्याचा होता. उशीखाली पान लपवणाऱ्या माणसाने भर व्हरांड्यात, सगळ्यांसमोर, मान खाली न घालता विचारलं होतं.

आजार थांबला नाही, हेही सांगायला हवं. पुढे तीन वर्षं सर आमच्यात होते. शेवटच्या वर्षी वाट आखूड होत गेली. आधी शाळेकडची टोकाची माणसं गेली, मग मोरीवरची. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. पण ती मधली दोन-अडीच वर्षं सर नावं घेत जगले. जेवायला बसले की नावाने हाक मारायचे. कुणी दिसलं नाही तर विचारायचे, अमुक कुठे आहेत आज? बाकीचे सांगायचे की हाक आली की बरं वाटतं. सर गेले तेव्हा मुलगा जवळ होता.

कल्याणला घडलेली एक गोष्ट मात्र सर चांगले असतानाची आहे. डॉक्टरांनी आसपासच्या वृद्धाश्रमांतल्या बायांना आणि नर्सना एका सभागृहात बोलावलं. शंभरेक जण असतील. मला म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं." आमचे व्यवस्थापक म्हणाले, "जरा शुद्ध बोला हं तिथे." मी घाबरून भाषण लिहिलं आणि सरांना तपासायला दिलं. त्यांनी लाल पेनाने चार वेलांट्या सुधारल्या आणि म्हणाले, "लिहिताना 'नाही' लिहा. बोलताना 'नाय'च म्हणा. त्यांना खरं वाटेल."

मावशीला मी बरोबर नेलं. तिने नवं लुगडं नेसलं होतं, टोपलीही आणली होती, कारण रिकाम्या हाताने जायची तिला सवय नव्हती. मी व्यासपीठावर गेले, दोन वाक्यं बोलले आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. स्मरणशक्तीवर बोलायला गेलेली बाई भाषण विसरली. लोक हसायच्या बेतात होते. मी म्हटलं, "मना नाय येत भाषण. जिनं शिकवलं तिलाच बोलावते."

मावशी वर आली. तिने भाषण केलं नाही. पहिल्या दोन रांगांतल्या वीस जणींना उभं केलं आणि एकेकीला नाव विचारलं, एकदाच. मग डोळे मिटले. तिच्या मोहाच्या झाडापासून निघाली असणार. डोळे उघडून तिने वीसही नावं सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाली, "आता मागारी येते," आणि उलटी सांगितली. सभागृहात टाळ्या थांबेनात. एका मोठ्या हुद्द्याच्या बाईंनी विचारलं, "मावशी, किती शिकलात तुम्ही?"

ती म्हणाली, "शिकाय नाय गेली मी कदी. आज शिकवाय आली."

त्यानंतर बदलापूरच्या बाजूच्या एका आश्रमाने तिला दर मंगळवारी बोलावलं. तिला न्यायला त्यांची जीप थेट वाडीच्या पायथ्यापर्यंत येऊ लागली. पहिल्या मंगळवारी अख्खी वाडी बघायला खाली उतरली होती. मीही बरोबर निघाले होते, पानंपेन्सिली आणि नावांची यादी घेऊन. ड्रायव्हरने मावशीसाठी पुढचं दार उघडलं. तिने पदर सावरला, टोपली मांडीवर घेतली आणि पुढे बसली. मी मागे बसले.